नेटवर्कवर वाटून घेतलेला यूपीएस: लिनक्स सर्व्हर वेळेत आणि योग्य क्रमाने बंद कसे करावेत?

धागालेखक

नमस्कार. एकाच यूपीएसवर अनेक लिनक्स सर्व्हर चालतात, पण त्या यूपीएसची यूएसबी केबल त्यांपैकी एकालाच लावता येते, ही अडचण येथील अनेकांच्या परिचयाची असेल. ज्या सर्व्हरला केबल लावली आहे त्याला बॅटरीची अवस्था कळते. उरलेल्यांना मात्र वीज गेल्याचे कोणीतरी नेटवर्कवरून सांगावे लागते. ही व्यवस्था नीट समजून घेऊन उभी करावी, वीज गेल्यावर काय होते ते पाहत बसू नये, म्हणून हा धागा काढत आहे.

माझी रचना अशी आहे. यूपीएस १५०० व्हीएचा आहे. केबल ज्या लहान सर्व्हरला जोडली आहे त्याला सोयीसाठी 'पहिला' म्हणू. 'दुसऱ्या'वर डेटाबेस चालतो. 'तिसऱ्या'वर बऱ्याच व्हर्च्युअल मशीन आहेत आणि त्या प्रत्येकीला व्यवस्थित बंद करत करत तो स्वतः बंद व्हायला सुमारे चार मिनिटे घेतो. तिन्ही सर्व्हरांच्या भारावर बॅटरी अकरा मिनिटे पुरेल असा यूपीएसचा स्वतःचा अंदाज आहे. तिन्हींवर डेबियन आहे.

पहिल्यावर यूपीएसवर लक्ष ठेवणारे नेटवर्क यूपीएस टूल्स, म्हणजेच नट, हे सॉफ्टवेअर बसवले आहे. यूपीएस.कॉन्फ या फाइलमध्ये यूएसबीएचआयडी-यूपीएस हा ड्रायव्हर दिला असून पोर्टच्या जागी 'ऑटो' लिहिले आहे. तेथेच यूपीएससी ही आज्ञा दिली की व्होल्टेज, भार, बॅटरीची टक्केवारी असे सगळे आकडे दिसतात. दुसऱ्या सर्व्हरवरून तीच आज्ञा दिली की जोडणी नाकारल्याचा संदेश येतो.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पहिली, दुय्यम, म्हणजे केबल नसलेल्या, सर्व्हरांना यूपीएसची माहिती मिळण्यासाठी नेमके कोठे काय लिहावे लागते? दुसरी, आणि मला अधिक महत्त्वाची वाटणारी, म्हणजे बॅटरी संपत आल्यावर तिन्ही सर्व्हर कोणत्या क्रमाने बंद होतात आणि चार मिनिटे घेणारा सर्व्हर त्या क्रमात सुरक्षित राहतो का?

प्रतिसाद १

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो. नटमध्ये तीन थर आहेत आणि अडचण कोणत्या थरात आहे हे ओळखले की शोध फार सोपा होतो. ड्रायव्हर हा प्रत्यक्ष यूपीएसशी बोलतो. यूपीएसडी हा सर्व्हर ड्रायव्हरकडून आलेली माहिती नेटवर्कवर उपलब्ध करून देतो. यूपीएसमॉन हा त्या माहितीवर लक्ष ठेवून संगणक बंद करण्याचा निर्णय घेतो. आपल्या पहिल्या सर्व्हरवर आकडे दिसत आहेत, त्याअर्थी ड्रायव्हर आणि यूपीएसडी दोन्ही ठीक चालले आहेत. दुसऱ्याला जोडणी नाकारली जाते, कारण यूपीएसडी मुळात फक्त त्याच संगणकाच्या अंतर्गत पत्त्यावर ऐकत असतो.

पहिल्यावर नट.कॉन्फमध्ये मोड 'नेटसर्व्हर' करावा. ही फाइल शेल वाचते, त्यामुळे बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला मोकळी जागा ठेवू नये. ठेवल्यास सेवा सुरूच होत नाही आणि कारण लवकर लक्षात येत नाही. त्यानंतर यूपीएसडी.कॉन्फमध्ये 'लिसन'च्या ओळी लिहाव्यात. एकदा आपण स्वतः 'लिसन' लिहिले की अंतर्गत पत्त्यावर आपोआप ऐकणे थांबते. म्हणून १२७.०.०.१ साठी एक ओळ आणि सर्व्हरच्या नेटवर्कवरील पत्त्यासाठी दुसरी, अशा दोन्ही ओळी हव्यात. नाहीतर पहिल्यावरील यूपीएसमॉनलाच त्याच्या शेजारचा यूपीएसडी सापडणार नाही. यंत्र सुरू होताना नेटवर्कचा पत्ता मिळायला उशीर होत असेल तर ०.०.०.० वर ऐकायला लावून फायरवॉलने मर्यादा घालणे अधिक भरवशाचे ठरते. पोर्ट टीसीपी ३४९३ आहे आणि तो फक्त दुसऱ्या व तिसऱ्या सर्व्हरच्या पत्त्यांसाठीच उघडावा, कारण एनक्रिप्शनची वेगळी मांडणी केली नसेल तर पासवर्ड नेटवर्कवरून उघडाच जातो.

यूपीएसडी.यूजर्समध्ये दोन खाती करावीत. पहिल्या सर्व्हरच्या स्वतःच्या यूपीएसमॉनसाठीच्या खात्यात 'यूपीएसमॉन प्रायमरी' आणि इतरांसाठीच्या खात्यात 'यूपीएसमॉन सेकंडरी' असे लिहावे. हे शब्द २०२२ साली आलेल्या २.८.० आवृत्तीपासूनचे आहेत. त्याआधी त्या जागी मास्टर आणि स्लेव्ह होते, आणि जुनी आवृत्ती असलेल्या सर्व्हरवर जुनेच शब्द लिहावे लागतात. ही फाइल रूटच्या, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्याच्या, मालकीची ठेवून नटच्या गटाला केवळ वाचण्याची परवानगी द्यावी.

दुसऱ्या आणि तिसऱ्यावर नटचा फक्त क्लायंटचा भाग पुरतो. तेथे नट.कॉन्फमध्ये मोड 'नेटक्लायंट' आणि यूपीएसमॉन.कॉन्फमध्ये 'मॉनिटर'ची एक ओळ लिहावी. त्या ओळीत यूपीएसचे नाव, ॲट चिन्ह, पहिल्या सर्व्हरचा पत्ता, मग १ हा आकडा, खात्याचे नाव, पासवर्ड आणि शेवटी 'सेकंडरी' असा क्रम असतो. मधला १ म्हणजे त्या सर्व्हरचे किती पॉवर सप्लाय या यूपीएसवर आहेत याची संख्या. दोन पॉवर सप्लाय दोन वेगळ्या यूपीएसना लावलेल्या सर्व्हरवर अशा दोन ओळी लिहून 'मिनसप्लाइज' १ ठेवला, तर एक यूपीएस संपल्यावरही तो सर्व्हर चालू राहतो.

आणखी एक मुद्दा सांगणे आवश्यक आहे. यूपीएससीला आकडे वाचण्यासाठी पासवर्ड लागत नाही. त्यामुळे दुय्यम सर्व्हरवर आकडे दिसू लागले एवढ्यावरून मांडणी पूर्ण झाली असे समजू नये. यूपीएसमॉनने लॉगिन केले असेल तरच पहिला सर्व्हर त्याला आपल्यावर अवलंबून असलेल्यांत मोजतो. यूपीएससीला वजा सी हा पर्याय देऊन यूपीएसचे नाव दिले की लॉगिन केलेल्या क्लायंटचे पत्ते दिसतात. त्या यादीत तिन्ही सर्व्हर आले पाहिजेत.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाला जोडून एवढेच सांगतो, की या सर्व्हरांना जोडणारा नेटवर्क स्विचदेखील त्याच यूपीएसवर हवा. वीज जाताच स्विच बंद पडला तर पुढचा सगळा निरोप वाटेतच थांबतो.

अशा वेळी नट काय करते हेही माहीत असावे. माहिती येणे थांबून 'डेडटाइम' उलटला, म्हणजे मूळ मांडणीत १५ सेकंद झाले, की यूपीएसमॉन तो यूपीएस गेला असे मानते. शेवटची माहिती वीज चालू असल्याची असेल तर केवळ इशारा दिला जातो. शेवटची माहिती यूपीएस बॅटरीवर असल्याची असेल तर मात्र बॅटरी संपत आली आहे असे धरून सर्व्हर बंद केला जातो. माझ्या मते हा निर्णय योग्यच आहे. पण स्विच यूपीएसवर नसेल तर वीज जाणे आणि जोडणी तुटणे एकाच क्षणी घडते, दुय्यम सर्व्हरला 'बॅटरीवर' ही अवस्था कधी कळतच नाही, आणि तो शेवटपर्यंत निर्धास्त चालू राहतो.

धागालेखक

दोन्ही प्रतिसादांसाठी मनःपूर्वक आभार. स्विच यूपीएसवर घेतला आहे, आणि 'लिसन'च्या दोन ओळी व दोन खाती केल्यावर तिन्ही पत्ते यादीत दिसू लागले आहेत. आता क्रमाचा प्रश्न उरला. पहिला सर्व्हर इतरांसाठी थांबतो असे वाचले आहे, पण तो नेमका कशासाठी आणि किती थांबतो?

प्रतिसाद ३

हा प्रश्न आपण वेळेवर विचारलात याचे समाधान वाटते, कारण अशा व्यवस्थेत सगळ्यात जास्त गैरसमज याच ठिकाणी होतो. थोडे सविस्तर लिहितो.

यूपीएसच्या अवस्थांपैकी येथे तीन महत्त्वाच्या आहेत. ओबी म्हणजे यूपीएस बॅटरीवर आहे. एलबी म्हणजे बॅटरी संपत आली आहे. ओबी आणि एलबी एकाच वेळी दिसू लागले की अवस्था गंभीर मानली जाते. अशा वेळी पहिल्यावरील यूपीएसमॉन यूपीएसडीकडे एफएसडी ही तिसरी अवस्था, म्हणजे सक्तीने बंद करण्याची खूण, लावतो. दुय्यम सर्व्हर दर पाच सेकंदांनी विचारणा करत असतात. त्यांना ती खूण दिसली की ते 'फायनलडिले' इतके, म्हणजे मुळात ५ सेकंद, थांबतात, 'शटडाउनसीएमडी'मधील आज्ञा चालवतात आणि यूपीएसडीशी असलेली जोडणी सोडतात. पहिला सर्व्हर 'होस्टसिंक' इतका वेळ, मुळात १५ सेकंद, सगळ्यांनी जोडणी सोडण्याची वाट पाहतो. सगळे गेले किंवा वेळ संपली, की तो स्वतः 'फायनलडिले' इतका थांबतो, 'पॉवरडाउनफ्लॅग'ची फाइल तयार करतो आणि बंद होऊ लागतो. बंद होण्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यात ती फाइल आढळली की यूपीएसला पुरवठा तोडण्याची आज्ञा दिली जाते.

आता यातील नेमका धोका पाहा. दुय्यम सर्व्हर जोडणी सोडतो ती त्याचे बंद होणे *सुरू* होताना, पूर्ण झाल्यावर नव्हे. पहिल्याला यादी रिकामी दिसते तेव्हा तिसऱ्याने पहिली व्हर्च्युअल मशीनसुद्धा अजून बंद केलेली नसते. आपलेच आकडे घेऊ. खूण लागल्यापासून साधारण १० ते १५ सेकंदांत दोन्ही दुय्यम सर्व्हर जोडणी सोडतील. पहिला त्यानंतर ५ सेकंद थांबेल. त्याला स्वतः बंद व्हायला ४० सेकंद लागतात असे धरू. मग यूपीएसला आज्ञा जाईल, आणि या ड्रायव्हरचा 'ऑफडिले' मुळात २० सेकंदांचा असल्याने तेवढ्या वेळाने पुरवठा तुटेल. म्हणजे खूण लागल्यापासून सुमारे ८० सेकंदांत वीज गेली, आणि तिसऱ्याला हवे आहेत २४० सेकंद. बॅटरीत चार्ज शिल्लक असतानाही आपल्याच मांडणीने त्याची वीज तोडली असे होईल.

'होस्टसिंक' वाढवून हा प्रश्न सुटत नाही, हे स्पष्टपणे सांगावेसे वाटते, कारण हाच उपाय अनेकदा सुचवला जातो. होस्टसिंक ही वाट पाहण्याची कमाल मर्यादा आहे. सगळे लवकर निघून गेले तर ती मर्यादा ३०० असली तरी पहिला सर्व्हर लगेच पुढे सरकतो. जोडणी वेळेत न सोडणाऱ्यांसाठी मात्र तिचा उपयोग आहे. दुय्यम सर्व्हरलाही याच नावाची मर्यादा असते: गंभीर अवस्था दिसूनही पहिल्याने खूण लावली नाही, तर तेवढा वेळ वाट पाहून तो आपणहून बंद होतो.

खरे उपाय दोन आहेत आणि मी दोन्ही एकत्र वापरण्याच्या बाजूने आहे.

पहिला म्हणजे पुरवठा तुटण्याचा क्षणच पुढे ढकलणे. यूपीएस.कॉन्फमध्ये त्या यूपीएसच्या विभागात 'ऑफडिले' २४० आणि 'ऑनडिले', म्हणजे पुरवठा पुन्हा सुरू करण्याआधीचा अवधी, त्याहून जास्त, उदाहरणार्थ ३०० लिहावा. ऑनडिले ऑफडिलेहून मोठाच हवा, नाहीतर वीज मध्येच परत आली तर पुरवठा तुटून पुन्हा सुरू होण्याचा क्रम बिघडतो. काही यूपीएस हे अवधी पूर्ण मिनिटांतच स्वीकारतात, म्हणून ६०च्या पटीतील आकडे सोयीचे पडतात. पहिल्यावरील 'फायनलडिले' वाढवूनही हेच साधता येते, पण तेव्हा वाट पाहण्याचे काम एका चालू संगणकावर पडते. ते काम यूपीएसने स्वतः करणे मला अधिक सुरक्षित वाटते.

आता पुरवठा साधारण ३०० सेकंदांनी तुटेल, त्याअर्थी खूण लागताना बॅटरीत त्याहून पुरेसा जास्त वेळ शिल्लक हवा. बरेच यूपीएस १० टक्क्यांच्या आसपास एलबी सांगतात. आपल्या बॅटरीत तेव्हा एक मिनिटाहून थोडाच जास्त वेळ उरलेला असेल, म्हणजे फारच उशीर झाला. म्हणून त्याच विभागात 'इग्नोरएलबी' लिहून यूपीएसच्या स्वतःच्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष करायला सांगावे आणि 'ओव्हरराइड.बॅटरी.रनटाइम.लो' ४२० तर 'ओव्हरराइड.बॅटरी.चार्ज.लो' ५० असे आपले उंबरठे द्यावेत. त्यासाठी यूपीएसने उरलेला वेळ किंवा टक्केवारी सांगणे आवश्यक आहे. आपला यूपीएस दोन्ही सांगतो.

अकरा मिनिटांतून सात मिनिटे वजा केली की वीज गेल्यावर सर्व्हर फक्त चार मिनिटे चालू राहतील. हे कमी वाटले तर दुसरा उपाय करावा: तिसऱ्याला सगळ्यांच्या आधी बंद करणे. त्याचा भार गेल्यावर बॅटरीचा उरलेला काळही लक्षणीय वाढतो.

प्रतिसाद ४

दुसऱ्या उपायाची मांडणी मी लिहितो. तिसऱ्या सर्व्हरवर यूपीएसमॉन.कॉन्फमध्ये 'नोटिफायसीएमडी' म्हणून यूपीएसशेड या टायमर चालवणाऱ्या कार्यक्रमाचा मार्ग द्यावा. ऑनबॅट (यूपीएस बॅटरीवर जाणे) आणि ऑनलाइन (वीज परत येणे) या दोन घटनांच्या 'नोटिफायफ्लॅग'मध्ये सिसलॉगसोबत, म्हणजे प्रणालीच्या नोंदवहीसोबत, 'एक्झेक' जोडावा. हा एक्झेक राहून गेला तर नोंदी होत राहतात पण टायमर कधीच सुरू होत नाही.

यूपीएसशेड.कॉन्फमध्ये आधी 'सीएमडीस्क्रिप्ट', 'पाइपएफएन' आणि 'लॉकएफएन' द्यावेत, आणि त्यानंतरच घटनांच्या ओळी. ऑनबॅट घडल्यावर ९० सेकंदांचा टायमर सुरू करावा आणि ऑनलाइन घडल्यावर तो रद्द करावा. ज्या डिरेक्टरीत पाइप आणि लॉकच्या फाइली तयार होतात तिच्यात नटच्या वापरकर्त्याला लिहिण्याची परवानगी हवी.

टायमर संपल्यावर जी स्क्रिप्ट चालते ती रूट म्हणून चालत नाही, तर नटच्या मर्यादित वापरकर्त्याच्या नावाने चालते. त्यामुळे तिच्यात थेट शटडाउनची आज्ञा लिहिली तर ती नाकारली जाईल. त्याऐवजी यूपीएसमॉनला वजा सी आणि एफएसडी देऊन चालवावे. रूटचे अधिकार असलेली यूपीएसमॉनची दुसरी प्रक्रिया याच कामासाठी मागे थांबलेली असते. या आज्ञेने सगळेच सर्व्हर बंद होतील अशी भीती बाळगू नये. दुय्यम सर्व्हरला यूपीएसडीकडे खूण लावण्याचा अधिकार नसतो, म्हणून तेथे ही आज्ञा फक्त त्याच सर्व्हरला बंद करते. हीच आज्ञा पहिल्यावर दिली तर मात्र सगळे बंद होतील.

प्रतिसाद ५

माझ्याकडे यूपीएस सर्व्हरला न जोडता सिनॉलॉजी कंपनीच्या नॅसला, म्हणजे नेटवर्कवरील साठवण यंत्राला, जोडला आहे. ज्यांची अशी रचना असेल त्यांच्यासाठी लिहितो. त्या नॅसच्या आतही नटच चालते. नेटवर्क यूपीएस सर्व्हरचा पर्याय सुरू करून लिनक्स सर्व्हरचा पत्ता परवानगीच्या यादीत घालावा लागतो. यूपीएसचे नाव तेथे 'यूपीएस', खाते 'मॉनयूजर' आणि पासवर्ड 'सीक्रेट' असे ठरलेले असते, आणि 'मॉनिटर'च्या ओळीत ही तिन्ही नावे रोमन लिपीतील लहान अक्षरांत लिहावी लागतात. पासवर्ड सर्वांना ठाऊक असलेला आहे, म्हणून परवानगीची यादी लहान ठेवावी.

दुसरे, यूपीएसमध्ये स्वतंत्र नेटवर्क कार्ड असेल तर केबलचा प्रश्नच राहत नाही. एसएनएमपी-यूपीएस हा ड्रायव्हर यूडीपी १६१ वरून त्या कार्डाशी बोलतो. तरीही प्रत्येक सर्व्हरवर वेगळा ड्रायव्हर चालवण्यापेक्षा एकाच सर्व्हरने कार्डाशी बोलावे आणि इतरांनी त्याच्याकडून माहिती घ्यावी, असे माझे मत आहे. त्यामुळे बंद होण्याचा निर्णय एकाच ठिकाणी होतो.

प्रतिसाद ६

नटऐवजी एपीसीयूपीएसडी, म्हणजे एपीसी कंपनीच्या यूपीएससाठीचे तशाच कामाचे सॉफ्टवेअर, वापरणाऱ्यांनी एक फरक लक्षात घ्यावा. त्याचा नेटवर्क पोर्ट ३५५१ आहे आणि त्याची भाषा नटहून वेगळी आहे, त्यामुळे एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दुसरे असे सरळ जुळत नाही. नटमध्ये एपीसीयूपीएसडी-यूपीएस नावाचा ड्रायव्हर आहे, तो त्या पोर्टवरून वाचून माहिती नटच्या क्लायंटना देतो. तसेच एपीसीयूपीएसडीमधील दुय्यम सर्व्हर स्वतःच्या फाइलमधील उंबरठ्यांनुसार बंद होतो. बॅटरीची टक्केवारी, उरलेली मिनिटे किंवा बॅटरीवर गेलेला वेळ, यांपैकी जे आधी गाठले जाईल त्यावर. तेथे चार मिनिटे घेणाऱ्या सर्व्हरचे उंबरठे मुख्य सर्व्हरपेक्षा वर ठेवले की झाले.

धागालेखक

प्रतिसाद ३ आणि ४ प्रमाणे दोन्ही उपाय केले आहेत. आता हे सर्व्हर प्रत्यक्ष न बंद करता तपासण्याची पद्धत काय असावी? आणि वीज परत आल्यावर तिन्ही सर्व्हर आपोआप सुरू होतील याची खात्री कशी करावी?

प्रतिसाद ३ चे लेखक

तपासणी टप्प्याटप्प्याने करावी. आधी तिन्ही सर्व्हरांवर 'शटडाउनसीएमडी'मध्ये शटडाउनऐवजी सिसलॉगमध्ये एक ओळ लिहिणारी लॉगरची आज्ञा ठेवावी. मग पहिल्यावर डमी-यूपीएस या ड्रायव्हरने एक नकली यूपीएस तयार करावा. तो आपली अवस्था एका साध्या फाइलमधून वाचतो. 'मॉनिटर'च्या ओळी तात्पुरत्या त्याच्याकडे वळवून यूपीएसआरडब्ल्यू या आज्ञेने अवस्था ओबी एलबी केली, की तिन्ही सर्व्हरांच्या नोंदींतील वेळा शेजारी ठेवून क्रम तपासता येतो. त्यासाठी वापरलेल्या खात्याला 'सेट'ची परवानगी हवी. एक काळजी घ्यावी: एफएसडीची खूण एकदा लागली की यूपीएसडी पुन्हा सुरू केल्याशिवाय जात नाही, आणि यूपीएसमॉनही आपले काम झाले असे मानून थांबलेले असते. म्हणून प्रत्येक तपासणीनंतर दोन्ही सेवा पुन्हा सुरू कराव्यात आणि शेवटी खरी शटडाउनची आज्ञा परत लिहिली आहे याची खातरजमा करावी.

नकली यूपीएसवर क्रम जुळला तरी एक खरी चाचणी टाळू नये. काम बंद असताना यूपीएसचा वीजपुरवठा तोडावा. शक्यतो सॉकेटचे बटण बंद करावे, प्लग उपटू नये, कारण त्याने अर्थिंगही तुटते. तिसरा सर्व्हर खरोखर किती वेळात बंद होतो आणि पुरवठा त्यानंतर किती वेळाने तुटतो हे घड्याळ लावून पाहावे. उरलेल्या वेळेचा यूपीएसचा आकडा हा अंदाज असतो आणि बॅटरी जुनी होत जाते तसा तो अंदाज व प्रत्यक्ष काळ यांत अंतर पडते, म्हणून ही चाचणी ठरावीक काळाने पुन्हा करावी.

सर्व्हर परत सुरू होण्याबाबत: तिन्हींच्या बायोसमध्ये वीज आल्यावर आपोआप चालू होण्याचा पर्याय लावावा. तो पर्याय काम करतो तो वीज जाऊन आल्यावरच, आणि म्हणूनच 'पॉवरडाउनफ्लॅग' महत्त्वाचा आहे. सर्व्हर बंद होत असतानाच वीज परत आली, तरी यूपीएसने पुरवठा एकदा तोडून पुन्हा सुरू केला पाहिजे. अन्यथा सर्व्हर बंद अवस्थेत आणि वीज चालू, असे होऊन कोणीतरी बटण दाबेपर्यंत ते तसेच राहतील. पहिल्यावर वजा टी हा पर्याय देऊन यूपीएसडीआरव्हीसीटीएल शटडाउन चालवले, तर प्रत्यक्ष काही न करता कोणत्या ड्रायव्हरला आज्ञा जाईल ते दिसते.

आपल्या यूपीएसच्या आकड्यांत 'बॅटरी.चार्ज.रीस्टार्ट' दिसत असेल आणि ते बदलता येत असेल, तर तेथे ५०हून थोडा वरचा आकडा, उदाहरणार्थ ६० ठेवावा. मग वीज आल्यावरही बॅटरी तेवढी भरेपर्यंत यूपीएस पुरवठा सुरू करणार नाही, आणि सर्व्हर उठल्याबरोबर वीज पुन्हा गेली तरी त्यांना व्यवस्थित बंद होण्याइतका वेळ मिळेल.